दिग्व्रत आणि दूरदेशीचा व्यापार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाच्या अंकासाठी आम्हांस चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. आमचा पिंड धान्याच्या पेढीवरचा आणि शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. लेखणी आम्ही आजवर चालविली ती रोजमेळ व खतावणी यांच्या पानांवर. तथापि ज्या एका प्रश्नावर मंडळाच्या सभेत यंदा मतभेद झाला, त्याविषयी मौन धरणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून हे धाडस.

प्रश्न असा आहे. आपल्या शिष्यवृत्ती निधीतून वैद्यक, अभियांत्रिकी आणि सनदी लेखापालाचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींस साहाय्य दिले जाते. यंदा समाजातील एका मुलीने निराळा अर्ज केला. तिला विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व्यापाराचे अर्थशास्त्र शिकावयाचे आहे. देशादेशांतील जकाती, करारमदार, निरनिराळ्या राष्ट्रांनी एकत्र येऊन केलेल्या सामायिक बाजारपेठा आणि अवघ्या जगाचा एक बाजार होऊ पाहतो आहे त्याचे बरेवाईट परिणाम, असा हा विषय आहे. सभेत दोन तट पडले आणि निर्णय पुढील सभेवर गेला. ही मुलगी आमच्या नात्यातील नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो. दहा वर्षांपूर्वी हा अर्ज आला असता तर आम्हीही विरुद्ध बाजूस हात वर केला असता, हेही सांगितले पाहिजे.

विरोध करणाऱ्या बंधूंचे आक्षेप तीन होते. पहिला असा की व्यापार गादीवर बसून शिकावयाचा असतो, बाकावर बसून नव्हे. दुसरा असा की हे शिकलेले मूल पेढीकडे परत येत नाही. ते एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरीस लागते आणि समाजाचा पैसा वाया जातो. तिसरा आक्षेप एका वृद्ध बंधूंनी घेतला आणि तो आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारा वाटला. ते म्हणाले, “श्रावकाला दिग्व्रत सांगितले आहे. व्यवहाराच्या दिशांना मर्यादा घाला, असे आपला धर्म म्हणतो. आणि तुम्ही मुलांना दाही दिशा धुंडाळण्याची विद्या शिकविणार!”

या तिसऱ्या आक्षेपाचा विचार आधी करू. दिग्व्रत म्हणजे दहा दिशांत आपले जाणे-येणे व देणे-घेणे कोठवर राहील, याची स्वतः होऊन घातलेली मर्यादा. तिचे महत्त्व आम्ही मनापासून मानतो. परंतु मर्यादा घालावयाची तर आधी दिशा ठाऊक हवी. ज्याला पूर्वेस काय आहे हे माहीत नाही, तो पूर्वेची मर्यादा कशी ठरविणार? आज आम्ही खेरडीची वेस न ओलांडता पेढीवर बसून राहिलो, तरी दाही दिशा आपण होऊन आमच्या गोदामात येतात. तूर मोझांबिक, टांझानिया आणि म्यानमार येथून येते. मसूर कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांतून आणि पिवळा वाटाणा कॅनडा व रशियातून येतो. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया येथून येते. खेरडीच्या शिवारात आज जे कारखाने उभे आहेत, त्यांतील कामगार बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशा येथून आलेले आहेत, व त्यांच्या ताटातील उसना तांदूळ आणि डाळ आमच्यासारख्यांच्या पेढीतून जाते. परदेशची मागणी रोडावली आणि कारखान्याची एक पाळी बंद झाली, की त्या आठवड्यात किराणा दुकानदार आमच्याकडून दहा पोती कमी उचलतो. पायांना मर्यादा घालणे आपल्या हाती आहे. मालाच्या वाटा मात्र आपल्याला विचारून आखल्या जात नाहीत. म्हणून त्या वाटांचे ज्ञान दिग्व्रताच्या विरुद्ध नसून ते व्रत डोळसपणे पाळण्यास साहाय्यकच आहे, असे आमचे नम्र मत आहे.

शिवाय आपल्या या प्रदेशास हा विषय मुळीच परका नाही. १७७९ साली पेशव्यांनी पोर्तुगिजांशी पुण्यास तह केला आणि बारा हजार रुपये महसुलाची गावे त्यांस लावून देण्याचे मान्य केले. त्यानुसार १७८३ साली नगर हवेली आणि १७८५ साली दादरा त्यांच्याकडे गेले. पोर्तुगिजांचे बंदर दमणला, आणि हवेली मात्र आत, डोंगराच्या बाजूला. मधली पट्टी आधी मराठ्यांची, नंतर इंग्रजांची आणि १९४७ नंतर स्वतंत्र भारताची. म्हणजे दमणहून हवेलीत एक गोणी आणावयाची झाली तरी ती परक्या मुलखातून आणावी लागे. जकात, परवाना आणि वाटहक्क हे शब्द येथील जुन्या माणसांनी पुस्तकात वाचले नाहीत, ते नाक्यावर अनुभवले.

१९५४ साली २२ जुलैस दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगालने हे प्रकरण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेले. १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निकाल दिला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना या वाटेने जाऊ देण्याचा हक्क पोर्तुगालला १९५४ साली होता, मात्र तो भारताच्या नियंत्रणास अधीन होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांच्यासाठी असा हक्क नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा तो निकाल होता. या निकालात मिठाच्या वाहतुकीवर पूर्वी घातलेल्या बंदीचाही उल्लेख आहे. जगाच्या न्यायाधीशांनी आमच्या दारावरून जाणाऱ्या मिठाचा विचार करावा, आणि आम्ही मात्र आंतरराष्ट्रीय व्यापार हा आमचा विषय नव्हे असे म्हणावे, हे विपरीत आहे. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला. हेगचा तो खटला आज कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. आमच्या किती मुलांना तो ठाऊक आहे?

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. गादीवरचे शिक्षण पुरेसे आहे काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आमच्याच तोट्याने दिले आहे.

२०१५ साली तूरडाळीचा किरकोळ भाव अनेक शहरांत किलोस दोनशे रुपयांवर गेला, हे वाचकांस आठवत असेल. लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला होता. तेजी पुढेही टिकणार, असे आमच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाने आम्हांस सांगितले. साठ्यावर सरकारी मर्यादा होती. तिच्यात बसेल तेवढी तूर आम्ही २०१६ च्या पावसाळ्यात चढ्या भावाने भरली. पर्युषणास आमची पुतणी घरी आली. ती त्या वेळी पुण्यास अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात होती. गोदामातील थप्पी पाहून ती म्हणाली, “काका, जुलैत सरकारने मोझांबिकशी तुरीचा करार केला आहे. हमीभाव वाढवून ५,०५० रुपये केला आहे, त्यामुळे यंदा पेराही वाढला आहे. तिकडची तूर सप्टेंबर-ऑक्टोबरात बंदराला लागते आणि आपली डिसेंबर-जानेवारीत निघते. दोन्ही एकापाठोपाठ आल्या तर हा भाव कसा टिकेल?”

आम्ही हसून म्हणालो, “बाई ग, तूर पुस्तकात पिकत नाही.”

त्या वर्षी देशात तुरीचे उत्पादन सुमारे ४८.७ लाख टन झाले. आदल्या वर्षी ते २५.६ लाख टन होते. बाजारभाव हमीभावाच्याही खाली उतरला. आमच्या पेढीला किती खोट आली तो आकडा येथे देत नाही. पेढी उभी राहिली, एवढे पुरे. ५ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली, परंतु तोवर आमचा माल विकून झाला होता. आमच्याहून अधिक हाल मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्याचे झाले. खरेदी केंद्रापुढे रात्रंदिवस रांगेत उभे राहणे त्याच्या वाट्याला आले. आम्हांस जे पुतणीने सांगितले, ते त्याला सांगणारे कोणीच नव्हते.

ही मुलगी ज्योतिष जाणत नव्हती. पावसाचे भाकीत तिनेही केले नव्हते. करार, पेरा आणि दोन देशांतील सुगीचे महिने या तीन गोष्टी शेजारी मांडून पाहण्याची सवय तिला विद्यापीठाने लावली होती, आणि तिन्ही गोष्टी वर्तमानपत्रात छापून आलेल्या होत्या. आम्हीही त्या वाचल्या होत्या; मात्र एकत्र कधी मांडल्या नव्हत्या.

उलट बाजूही सांगणे न्यायाचे होईल. त्याच दिवशी आम्ही तिच्या एका हातावर अरुषा तूर आणि दुसऱ्यावर गजरी तूर ठेवली व फरक विचारला. तिला तो सांगता आला नाही. दाण्यात ओल किती आहे, पोते पावसाळ्यात टिकेल की किडेल, डाळ भरडताना चुणी किती जाईल, यांपैकी काहीच तिला ठाऊक नव्हते. म्हणजे तिची विद्या अर्धी आणि आमचीही अर्धी. दोन अर्धी माणसे एकाच घरात असून एकमेकांस हसत होती, आणि तोटा घराचा झाला.

विद्यापीठात शिकवितात तरी काय, अशी शंका कित्येकांच्या मनात असेल. एक मासला देतो. १८१७ साली डेव्हिड रिकार्डो नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने एक उदाहरण मांडले, ते आजही पहिल्या वर्षात शिकवितात. ठरावीक कापड तयार करण्यास इंग्लंडात १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक मद्यास १२० माणसांचे. पोर्तुगालात कापडास ९० आणि मद्यास ८० पुरतात. (उदाहरण मद्याचे आहे, वाचकांनी क्षमा करावी, गणित निर्मळ आहे.) पोर्तुगाल दोन्ही गोष्टींत सरस. मग त्याने इंग्लंडकडून काही का घ्यावे? रिकार्डो म्हणतो, घ्यावे. ८० माणसांच्या श्रमाचे मद्य देऊन पोर्तुगालला जे कापड मिळते, त्याला घरी ९० माणसे लागली असती. आणि १०० च्या कापडावर इंग्लंडला जे मद्य मिळते, त्याला घरी १२० लागली असती. दोघांचाही फायदा. पेढीचा मालक हिशेबात मुनिमापेक्षा जलद असला तरी वही मुनिमाकडे सोपवून आपण गिऱ्हाइकाकडे पाहतो, त्यातला प्रकार हाच आहे.

गणित सुरेख आहे, परंतु त्यात एक खाते उघडलेलेच नाही. ज्या पोर्तुगालचे हे उदाहरण, त्याच पोर्तुगालच्या ताब्यात तेव्हा आमची हवेली होती. येथील वारली, कोकणा आणि धोडिया कष्टकऱ्याला या देवघेवीत काय मिळाले, त्याचा आकडा त्या कोष्टकात नाही. देशाचा फायदा झाला म्हणजे देशातील प्रत्येकाचा झाला, असे होत नाही. स्वस्त तूर आली की शहरातील गृहिणीचे भले होते आणि लातूरच्या शेतकऱ्याचे बुडते. चांगले विद्यापीठ हा दुसरा अध्यायही शिकविते. विद्यार्थ्याने तो टाळला, तर त्याची पदवी आमच्या दृष्टीने अपुरी.

बाजार जोडण्याचाही एक स्वतंत्र अध्याय आहे. १९५७ साली रोम येथे युरोपातील सहा राष्ट्रांनी सामायिक बाजारपेठेचा करार केला. त्या संघात ब्रिटन पुढे सामील झाले आणि २०२० च्या ३१ जानेवारीस बाहेरही पडले. आशिया-प्रशांत भागातील पंधरा राष्ट्रांच्या मोठ्या करारातून भारताने ४ नोव्हेंबर २०१९ रोजी अंग काढून घेतले. घरात मात्र १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू करून आपण राज्याराज्यांच्या भिंती बऱ्याच खाली आणल्या. आमचा प्रदेश गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या मधोमध. त्यापूर्वी विक्रीकराच्या नाक्यांवर ट्रक किती तास उभा राहील याचा भरवसा नसे, हे येथील प्रत्येक व्यापाऱ्यास ठाऊक आहे. भिंत पाडल्याने कोणाचे भले होते आणि भिंतीच्या आडोशाने कोण तगून होता, हा प्रश्न युरोपचा तसाच आमचाही. विक्रीकराच्या सवलतीमुळे येथे कारखाने आले. सवलत सरल्यावर कोणता कारखाना का राहिला आणि कोणता का गेला, यावर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला तर तो आम्ही पदरचे पैसे देऊन छापू.

या अभ्यासाचा धर्माशी संबंध आहे, हेही वृद्ध बंधूंस आदरपूर्वक सांगावयाचे आहे. अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार आपल्या शास्त्रकारांनी गणले, त्यांत खोटे माप आणि भेसळ यांच्याच पंक्तीला विरुद्धराज्यातिक्रम ठेवला आहे. एका राज्याचा नियम चुकवून दुसऱ्या राज्यातून माल आणणे-नेणे हा त्याचा व्यापारी अर्थ. आता अलीकडचे उदाहरण घ्या. नेपाळात ताडाचे तेल पिकत नाही. तरी शेजारी राष्ट्रांच्या कराराचा आधार घेऊन नेपाळातून शुद्ध केलेले पामतेल २०१९ साली मोठ्या प्रमाणात जकातीविना भारतात येऊ लागले. माल दुसऱ्याच देशाचा, केवळ वाट नेपाळची. ८ जानेवारी २०२० रोजी सरकारने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले, आणि २१ सप्टेंबर २०२० पासून सवलतीच्या जकातीने माल आणणाऱ्यावरच तो मूळचा कोठला आहे याची माहिती बाळगण्याची जबाबदारी टाकली. यालाच विद्यापीठात मूळस्थानाचे नियम म्हणतात. “मला ठाऊक नव्हते” हे उत्तर आता सरकारात चालत नाही. प्रतिक्रमणाच्या वेळी तरी ते कोठे चालत होते? ज्याला नियम ठाऊक नाही, त्याला आपण नियम मोडला हेही कळत नाही. या व्रताच्या पालनासाठी तरी कोणीतरी शिकलेच पाहिजे.

केवळ शिक्षणाने तोटा टळतो, असा आमचा दावा नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आणि शेजारचे ग्रंथालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, ते प्रेमचंद रायचंद सुरतेचे जैन व्यापारी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरात मुंबईत कंपन्यांच्या समभागांचा सट्टा पेटला. १८६५ च्या एप्रिलात युद्ध संपले आणि १ जुलैच्या वायद्याला अर्धी मुंबई बुडाली. प्रेमचंदही त्यात सापडले. युद्धाची बातमी सर्वांस होती. युद्ध संपल्यावर लँकेशायर कापूस कोणाकडून घेईल, याचा विचार फार थोड्यांनी केला. परंतु त्यापूर्वीच विद्यापीठास दिलेली रक्कम बुडाली नाही. १८७८ साली मनोरा पूर्ण झाला. दृष्टी अधू झालेल्या मातोश्री राजाबाईंस घंटेच्या नादावरून वेळ कळावी आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकता यावे, असा हेतू त्यामागे होता, असे सांगतात. त्या श्रीमंतीतले आज डोळ्यांपुढे उभे आहे ते विद्येला दिलेले. आपल्या निधीच्या विश्वस्तांनी हे ध्यानी घ्यावे.

राहिला दुसरा आक्षेप, शिकलेले मूल परत येत नाही हा. तो खरा आहे, आणि दोष अंशतः आपला आहे. आलेल्या मुलाला आपण गादीवर कोपऱ्यात बसवितो आणि त्याच्या प्रश्नाला “तूर पुस्तकात पिकत नाही” असे उत्तर देतो. मग तो का राहील? आमची पुतणी आज मुंबईस निर्यातीच्या एका पेढीत आहे. तिने परत यावे असे म्हणण्याचा अधिकार आम्ही २०१६ साली गमावला.

म्हणून पुढील सभेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, या विषयास शिष्यवृत्तीच्या यादीत स्थान द्यावे आणि सध्याचा अर्ज मंजूर करावा. पुण्याची गोखले संस्था १९३० पासून आणि केंद्र सरकारची विदेश व्यापार संस्था १९६३ पासून या क्षेत्रात काम करीत आहेत. तेथवर पोहोचणाऱ्या मुलास वा मुलीस पैशासाठी अडू देऊ नये. दोन, शिष्यवृत्ती घेणाऱ्याने एक हंगाम सभासदाच्या पेढीवर आणि काही दिवस बंदरावरील जकात दलालाकडे काढावेत. हातात दाणा घेतल्याविना धान्याचे अर्थशास्त्र कळत नाही. तीन, त्याने वर्षातून दोन वेळा मंडळाच्या सभागृहात मराठीतून व्याख्यान द्यावे. या विषयाचे ग्रंथ बहुतेक इंग्रजीत. आम्हां मॅट्रिकवाल्यांस ते उघडून दाखविणारे कोणीतरी हवे. त्या व्याख्यानास खेरडी परिसरातील शेतकरी आणि कामगार यांनाही बोलवावे, आणि निधीस झेपल्यास एक जागा समाजाबाहेरील, येथील आदिवासी घरातील मुलासाठी ठेवावी. ज्या जमिनीवर आपली गोदामे उभी आहेत, तिचे ऋण फेडण्याचा हा एक मार्ग आहे.

पहिल्या शिष्यवृत्तीच्या रकमेत आमच्या पेढीकडून यथाशक्ति भर घालण्यास आम्ही सिद्ध आहोत. ती देणगी समजू नये. पुतणीचे न ऐकल्याचा दंड समजावा. सभासद बंधुभगिनींनी या विषयाचा शांतपणे विचार करावा, आणि ज्यांचे मत आजही विरुद्ध आहे त्यांनी ते सभेत मोकळेपणाने मांडावे. अनेकान्त मानणाऱ्या समाजात दुसऱ्याची बाजू ऐकूनच निर्णय व्हावा, हेच उचित.

जय जिनेन्द्र.